थिएटरात जपानी ॲनिमे सिनेमा बघायचाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवा ॲनिमे सिनेमा लागला की तेच तेच प्रश्न येतात, आणि बरेचसे येतात शो सुरू व्हायला अर्धा तास उरलेला असताना. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सोपं आधी, किचकट नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर नंबर दिलाय, तिकडे जा.

१. ॲनिमे म्हणजे कार्टूनच ना? मोठ्या माणसाने थिएटरात जाऊन काय बघायचं?

जपानमध्ये ॲनिमेशनमध्ये सगळंच बनतं हो. लहान मुलांचं बनतं, प्रेमकथा बनतात, युद्धावरचे सिनेमे बनतात, आणि सातोशी कोनच्या 'परफेक्ट ब्ल्यू' (१९९७) सारखे थ्रिलर पण बनतात, जो मुलांना दाखवायचा विचारही करू नका. हायाओ मियाझाकीच्या 'स्पिरिटेड अवे'ला २००२ मध्ये बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये गोल्डन बेअर मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. जपानमधल्या कमाईचा रेकॉर्डही बरीच वर्षं त्याच्याच नावावर होता, तो २०२० मध्ये 'डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन'ने मोडला आणि तो सिनेमा एकट्या जपानमध्ये ४,००० कोटी येनच्या पुढे गेला. एवढी तिकिटं फक्त शाळकरी पोरं काढत नाहीत.

२. थोड्या दिवसांनी स्ट्रीमिंगवर येईलच की, मग थिएटर कशाला?

येईल, पण कधी ते कुणीच नक्की सांगत नाही, काही सिनेमांना खूप वेळ लागतो. लोकांना वाटतं मारामारीवाले सिनेमेच मोठ्या पडद्यावर बघायचे आणि शांत सिनेमे घरी. माझं मत बरोबर उलटं आहे. मारामारी घरच्या टीव्हीवर पण कळते, पण 'माय नेबर टोटोरो'मधला पावसातला बसस्टॉप किंवा 'स्पिरिटेड अवे'मधली पाण्यावरून जाणारी ट्रेन, तिथे जवळजवळ कोणी काही बोलतच नाही, घरी असलात की तेवढ्यात हात मोबाईलकडे जातो आणि सीन गेला. थिएटरात अंधार असतो, उठता येत नाही, आणि मागून पुढून आवाज येत असतो, त्यामुळे ती शांतता पण 'ऐकू' येते. इसाओ ताकाहाताचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) तर अख्खा पेन्सिलच्या रेघा आणि जलरंगासारखा काढलाय, छोट्या स्क्रीनवर त्यातलं निम्मं दिसतच नाही.

३. आधी एकही बघितलेला नाही, सुरुवात कुठून करू?

मागचं-पुढचं काही माहीत नसलं तरी चालणारे: 'युअर नेम' (२०१६), 'सुझुमे' (२०२२), 'स्पिरिटेड अवे', 'टोटोरो'. पण थिएटरात आपल्याला हवा तो लागेल असं थोडंच असतं, जो लागलाय त्यातूनच निवडायचं. एक सोपी खूण सांगतो, नावात आधी एखाद्या सिरीजचं नाव आणि पुढे अजून काहीतरी चिकटवलेलं असेल तर तिकीट काढायच्या आधी ५ नंबर वाचा.

४. डब बघू की सबटायटलवाला? डबमध्ये ओठ जुळत नाहीत ना?

हा वाद काही संपत नाही. पण ओठांचा मुद्दा आधी बाजूला ठेवू, कारण जपानमध्ये साधारणपणे चित्र आधी होतं आणि आवाज नंतर रेकॉर्ड करतात, कॅरेक्टरचं तोंड नुसतं उघडबंद होत असतं, त्यामुळे ओरिजिनल जपानीत पण ओठ तंतोतंत जुळत नाहीत. अपवाद आहेत. 'अकिरा'मध्ये (१९८८) आवाज आधी रेकॉर्ड केले आणि त्यावर तोंडं काढली. ताकाहाताने पण 'ओन्ली यस्टरडे' (१९९१) आणि 'कागुया'ला हेच केलं, आणि त्यामुळेच 'कागुया'तल्या म्हाताऱ्याला आवाज देणारे ताकेओ चिइ २०१२ मध्ये वारले तरी वर्षभराने आलेल्या सिनेमात त्यांचा आवाज आहे. तेव्हा या तीन सिनेमांच्या डबला ओठांची तक्रार करा, बाकीच्यांना नको.

आता निवडायचं कसं? सोबत लहान मूल किंवा भरभर वाचता न येणारं कोणी असेल तर डब, त्यात कमीपणा काही नाही. एकटे असाल, वाचायला त्रास नसेल, तर ओरिजिनल आवाज. मधली अडचण अशी की काही सिनेमांत खूप भरभर बोलतात आणि मागे चित्र पण भरगच्च असतं, खाली वाचत बसलं की वरचं सुटतं. असा सिनेमा दोनदा बघणार असाल तर आधी डब आणि मग ओरिजिनल, या क्रमाने मला तरी जास्त मजा येते. आणि एकाच सिनेमाचे एकाच थिएटरात दोन्ही शो असतात, नावं सेम, फक्त बारीक अक्षरात भाषा लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

५. सिरीज बघितलेली नाही, मित्र ओढून नेतायत, काही कळेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगता येत नाही कारण सिरीजवाल्या सिनेमांच्या जाती वेगवेगळ्या आहेत.

पहिली जात, सिनेमा म्हणजे सिरीजचाच पुढचा भाग. 'मुगेन ट्रेन' पहिल्या सीझनच्या २६ एपिसोडनंतर लगेच सुरू होतो, ट्रेनमध्ये ही मुलं का चढली आणि डोक्यावर डुकराचं तोंड घातलेला तो कोण हे कोणी सांगत बसत नाही. त्याच सिरीजचा २०२५ चा 'इन्फिनिटी कॅसल' तर त्याहून अवघड, सगळे सीझन झाल्यावरची शेवटची लढाई, ती पण तीन सिनेमांतला पहिलाच भाग, आणि लांबी अडीच तासांच्या वर. सिरीज न बघता गेलात तर छान ॲनिमेशन बघून याल, पण शेजारचा का रडतोय ते कळणार नाही.

दुसरी जात, आधीची गोष्ट. 'जुजुत्सु कायसेन ०' (२०२१) मध्ये हिरोच वेगळा आहे आणि घटना सिरीजच्या आधीच्या आहेत, सरळ जा.

तिसरी जात, बाजूची गोष्ट. 'वन पीस फिल्म रेड' (२०२२) सारखे. सिरीज हजारच्या वर एपिसोडची असली तरी सिनेमाची गोष्ट तिथेच सुरू होऊन तिथेच संपते. टोळीतली माणसं कोण कोण आहेत ते मित्राला पाच मिनिटांत विचारून घ्या, बास.

चौथी, दरवर्षी ठरल्यासारखे येणारे. डोरेमॉनचे सिनेमे १९८० पासून येतायत आणि डिटेक्टिव्ह कॉनानचे १९९७ पासून. कॉनानमध्ये तर सुरुवातीलाच 'मी कोण आणि असा लहान कसा झालो' हे सांगून टाकतात. काळजी नको.

आणि काही कुठेच न बसणारे. 'द फर्स्ट स्लॅम डंक' (२०२२) मध्ये जी मॅच आहे ती जुन्या टीव्ही सिरीजमध्ये कधी आलीच नव्हती, आणि गोष्ट रयोता मियागीच्या बाजूने सांगितलीय, त्यामुळे नव्या माणसाला पण पूर्ण कळतो. उलट 'इव्हँजेलियन'चे २००७ ते २०२१ मध्ये आलेले चार सिनेमे, त्यातला शेवटचाच लागलाय म्हणून एकदम त्यालाच गेलात तर... नको. सगळं क्रमाने बघितलेल्यांना पण तो पूर्ण कळतो असं नाही.

६. सिनेमा म्हणून गेलो आणि बघितलेलेच एपिसोड दाखवले! हे काय असतं?

हो, असं करतात. उदाहरणार्थ २०२३ मध्ये 'डेमन स्लेयर: टू द स्वोर्डस्मिथ व्हिलेज' थिएटरात आला, त्यात आधीच्या आर्कचे (म्हणजे सिरीजमधल्या एका सलग कथाभागाचे) शेवटचे दोन एपिसोड आणि नव्या आर्कचा पहिला एपिसोड होता. फसवणूक म्हणणार नाही कारण माहितीत तसं लिहिलेलं होतं, पण माहिती वाचतो कोण. बुकिंग करताना वर्णनात 'एपिसोड', 'आर्क', 'स्पेशल स्क्रीनिंग', 'प्रीमियर' असे शब्द दिसले की थांबून पूर्ण वाचा. आवडती लढाई मोठ्या आवाजात बघायची असेल तर असे शो पण भारी वाटतात, फक्त नवी गोष्ट मिळेल या आशेने जाऊ नका.

७. शो इतके कमी का असतात? पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं तर गायबच!

थिएटरवाले साधारण दर आठवड्याला ठरवतात की कुठल्या सिनेमाला किती स्क्रीन, आणि ठरवताना पहिल्या शुक्रवार ते रविवारचे आकडे बघतात. त्याच आठवड्यात मोठा सिनेमा आला तर ॲनिमेवरच कुऱ्हाड पडते. शिवाय काही सिनेमे मुळातच ठरावीक दोन-चार दिवसांपुरते आणलेले असतात, ते हिट झाले तरी वाढतीलच असं नाही. म्हणून 'रिव्ह्यू येऊ दे, मग बघू' हे ॲनिमेला परवडत नाही. बुकिंग उघडलं की काढून टाका, कारण ॲडव्हान्समध्ये गेलेली तिकिटं मॅनेजरला दिसत असतात आणि भरतोय असं दिसलं की कधी कधी शो वाढवतात पण.

८. जपानमध्ये लागून महिने झाले, बाकीच्या देशांत इतका उशीर का?

एका ॲनिमे सिनेमात बहुतेक वेळा एक कंपनी नसते, प्रकाशक, टीव्ही चॅनल, म्युझिक कंपनी, वितरक अशा बऱ्याच जणांनी मिळून पैसे घातलेले असतात. त्यानंतर प्रत्येक देशाचे हक्क वेगळे विकले जातात, मग सबटायटल, डब, सर्टिफिकेट आणि मग रिकामी तारीख शोधणं. मोठ्या सिरीजच्या बाबतीत हे अंतर आता खूप कमी झालंय, 'इन्फिनिटी कॅसल' जपानमध्ये जुलै २०२५ ला आला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाहेर बऱ्याच ठिकाणी लागला पण. एकट्या उभ्या राहणाऱ्या छोट्या सिनेमांना मात्र अजून वाट बघावी लागते.

मधल्या काळात स्पॉयलर टाळायचे असतील तर कॅरेक्टरची नावं सर्च करू नका, सर्च बॉक्सच पुढचं सगळं सांगून मोकळा होतो. मियाझाकीचा 'द बॉय अँड द हेरॉन' जुलै २०२३ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा स्टुडिओ जिब्लीने (मियाझाकी-ताकाहाताचा स्टुडिओ) ट्रेलर पण दाखवला नव्हता, फक्त एक पोस्टर. लोक काही माहीत नसताना जाऊन बसले. मला वाटतं जमत असेल तर कुठलाही सिनेमा असाच बघावा.

९. मुलांना नेऊ का? जिब्लीचा आहे म्हणजे चालेल ना?

'जिब्लीचा आहे म्हणजे चालेल' या एका वाक्याने बऱ्याच घरांत रडारड झालीय. १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये जिब्लीने दोन सिनेमे एकत्र लावले होते, एकाच तिकिटात दोन. एक 'टोटोरो', आणि दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', म्हणजे युद्धात अनाथ झालेली भावंडं आणि त्यांची उपासमार. दोन्ही त्याच स्टुडिओचे, दोघांतही लहान मुलंच आहेत, आणि दुसरा बघून मोठी माणसं दिवसभर गप्प होतात. 'प्रिन्सेस मोनोनोके'त (१९९७) बाणाने हात आणि मुंडकी उडतात.

सर्टिफिकेट बघा, पण ते देशानुसार बदलतं हे पण लक्षात ठेवा. जपानमध्ये जी, पीजी१२, आर१५+ आणि आर१८+ अशा पायऱ्या आहेत. 'मुगेन ट्रेन' तिथे पीजी१२ होता आणि तोच अमेरिकेत आर, म्हणजे १७ च्या खालच्यांनी मोठ्या माणसासोबतच यायचं. तेव्हा नेटवर कुठलं तरी रेटिंग वाचून ठरवू नका, आपल्या इथल्या सर्टिफिकेटवर जा. छोट्यांसाठी बिनधास्त: 'टोटोरो', 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', 'पोन्यो', डोरेमॉन. भाषेचं ४ मध्ये आहेच.

१०. सीट कुठली घेऊ?

सबटायटल खाली येतात, म्हणून पुढच्या रांगा नकोच, मान दुखते आणि चित्र-अक्षर एका नजरेत येत नाही. मधल्या रांगेच्या थोडं मागे, मध्यभागी. ज्या स्क्रीनमध्ये सीटना चढ कमी आहे तिथे पुढच्याचं डोकं बरोबर सबटायटलवर येतं, तिथे अजून मागे सरका.

११. आयमॅक्स, ४डीएक्स वगैरेला जास्त पैसे द्यायचे का?

आवाजासाठी आयमॅक्स ठीक, चित्रासाठी फारसा फरक नाही, कारण बहुतेक ॲनिमे सिनेमे त्या उंच पडद्यासाठी काढलेलेच नसतात. हलणाऱ्या खुर्च्यांवर सबटायटल वाचणं म्हणजे बसमध्ये पेपर वाचण्यासारखं आहे, ४डीएक्स घ्यायचंच असेल तर डब घ्या. दोनच पर्याय असतील, एक भारी फॉरमॅट पण अगदी पुढची सीट आणि दुसरा साधा स्क्रीन पण चांगली सीट, तर दुसरा.

१२. मधेच चित्र अडखळत होतं. प्रोजेक्टर खराब होता का?

बहुतेक नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण हाताने काढलेल्या ॲनिमेमध्ये एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. मागचं दृश्य सरकताना मऊ सरकतं आणि कॅरेक्टर मात्र टक-टक हलतं, मोठ्या पडद्यावर हे जास्त जाणवतं. चांगले ॲनिमेटर हे मुद्दाम वापरतात, वार बसायच्या क्षणी चित्रं वाढवतात आणि आधी रोखून धरतात. पण आवाज मागे-पुढे असेल, सबटायटल पडद्याबाहेर कापले जात असतील, किंवा चित्र चपटं दिसत असेल तर तो खरंच बिघाड आहे. लगेच बाहेर जाऊन सांगा, संपल्यावर सांगून काही होत नाही.

१३. जुना सिनेमा '४के' म्हणून परत लावलाय, नुसती जाहिरात तर नाही ना?

इथे गंमत आहे. जितका जुना तितकं चांगलं, असं चक्क होऊ शकतं! 'अकिरा' सारखे सिनेमे खऱ्या सेलवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटवर) रंगवून ३५ एमएम फिल्मवर शूट केलेले, ती फिल्म परत स्कॅन केली की आधी न दिसलेले बारकावे बाहेर येतात. 'अकिरा'चं ४के रिमास्टर २०२० मध्ये आलं आणि 'मोनोनोके'चं २०२५ मध्ये आयमॅक्सला लागलं, दोन्ही नावाला जागणारे. पण १९९० च्या शेवटी स्टुडिओ कॉम्प्युटरवर रंगवायला लागले (जिब्लीचा पहिला पूर्ण डिजिटल सिनेमा १९९९ चा 'माय नेबर्स द यामादाज'), आणि त्या सुरुवातीच्या काळातलं बरंचसं काम कमी पिक्सेलमध्ये झालेलं, तिथे स्कॅन करायला फिल्मच नाही, आहे तेच चित्र ताणून मोठं करतात. त्यामुळे २००० नंतरच्या दहाएक वर्षांतल्या सिनेमावर '४के' लिहिलेलं असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. आवाजासाठी जायला हरकत नाही.

१४. क्रेडिट्सला उठू की थांबू?

थांबा. 'जुजुत्सु कायसेन ०' मध्ये क्रेडिट्सनंतर सीन आहे. 'टोटोरो'मधल्या मुलींची आई घरी परत येते ती क्रेडिट्सच्या चित्रांमध्येच, आधी उठलेल्याला वाटतं ती दवाखान्यातच राहिली. जपानमध्ये लाइट लागेपर्यंत बहुतेक सगळे बसून असतात.

१५. पहिल्या दिवशी लोक ओरडतात, कॉस्प्ले करून (कॅरेक्टरसारखे कपडे घालून) येतात. हे चालतं?

जपानमध्ये यासाठी वेगळे शो असतात, तिथे ओरडायचं, लाइटच्या कांड्या हलवायच्या, सगळं चालतं, आणि बाकीच्या शोला पूर्ण शांतता. बाहेर असं वेगळं काही नसल्यामुळे पहिल्या दिवसाचा संध्याकाळचा शो आपोआपच तसा होतो. तुम्हाला शांत हवा असेल तर कामाच्या दिवशी सकाळचा घ्या, भांडू नका. हिरो आला की आरडाओरडा समजू शकतो, पण पुढे काय होणार ते मोठ्याने सांगणाऱ्याला माफी नाही. कॉस्प्लेला सहसा हरकत नसते, पण मोठी तलवार, पूर्ण तोंड झाकणारा मास्क असलं काही असेल तर थिएटरला आधी विचारा.

आणि क्लायमॅक्सचा 'छोटासाच' व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. जपानमध्ये तर थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करण्याविरुद्ध २००७ पासून वेगळा कायदा आहे, इतर बऱ्याच देशांत पण गुन्हाच आहे, आणि मागच्याच्या डोळ्यात तुमची स्क्रीन जाते ते वेगळंच.

१६. तिकिटावर कार्ड किंवा पोस्टर मिळतं म्हणे, मला नाही मिळालं.

जपानमध्ये हा नियमित प्रकार आहे, दर आठवड्याला वेगळी भेट, म्हणून लोक तोच सिनेमा परत परत बघतात. २००९ च्या 'वन पीस' सिनेमाला तर 'खंड ०' नावाचं मांगाचं (जपानी कॉमिक्सचं) पुस्तकच वाटलं होतं. बाहेरच्या देशांत हे वितरकावर असतं, सगळ्या थिएटरांना मिळत नाही, मिळालं तरी संपेपर्यंतच. काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

१७. मला झगमगत्या लाइटचा त्रास होतो, फिट येते. जाऊ का?

आधी डॉक्टरांना विचारा, हे इथे वाचून ठरवू नका. धोका खरा आहे: १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनचा एक एपिसोड बघताना लाल-निळ्या झगमगाटामुळे जपानमध्ये सहाशेच्या वर लोकांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या टीव्हीवर नियम आले, पण थिएटरात अंधार असतो आणि पडदा मोठा. डॉक्टर हो म्हणाले तर मागची सीट घ्या, सोबत माहितीतला माणूस ठेवा, आणि झगमगाट सुरू झाला की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर बाजूला वळवा. नुसते डोळे मिटून पुरत नाही, पापणीतून उजेड आत येतोच.

१८. कमी ऐकू येतं, सबटायटलवाला शो पुरेल का?

संवाद कळतील. पण हे सबटायटल भाषांतरासाठी असतात, त्यामुळे दार वाजलं, मागून कोणीतरी हाक मारली, गाणं सुरू झालं असलं काही लिहिलेलं नसतं. डबवाल्या शोला तर बहुतेक वेळा काहीच नसतं, फार तर पाट्या आणि गाण्यांपुरते. काही थिएटरांत वेगळं कॅप्शन यंत्र मिळतं, पण ते त्या सिनेमाला चालतं का हे आधीच विचारावं लागतं.

१९. बाहेरच्या देशांत कापून दाखवतात का?

पूर्वी सर्रास. मियाझाकीचा 'नॉसिका' (१९८४) अमेरिकेत वीसेक मिनिटं कापून, नावं बदलून लावला होता. त्याचा जिब्लीने एवढा धसका घेतला की पुढे न कापण्याची अटच घातली, आणि 'मोनोनोके'च्या वेळी निर्माता तोशिओ सुझुकीने अमेरिकन वितरकाला तलवार भेट देऊन 'काटछाट नाही' असं बजावल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. आता पण सर्टिफिकेटसाठी थोडंफार जाऊ शकतं. तपासायचं असेल तर जपानमधली लांबी आणि बुकिंगवरची लांबी ताडून बघा, मिनिट-दोन मिनिटांचा फरक सोडून द्या. दहा मिनिटांनी कमी असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

२०. आमच्या थिएटरात लागतच नाही. काही करता येतं का?

थोडंफार येतं. थिएटरला नुसतं 'ॲनिमे लावा' म्हणून काही होत नाही, सिनेमाचं नाव, वितरकाचं नाव आणि आपण किती जण नक्की येणार हे सांगावं लागतं. पुरेसे जण असाल तर पूर्ण शो बुक करता येतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात, पण सिनेमा तेव्हा वितरकाकडून उपलब्ध असायला हवा, म्हणजे रिलीजच्या आठवड्यातच हालचाल करायची. पैसे आधी सगळ्यांकडून गोळा करा आणि मगच थिएटरशी बोला.